खोटंच बाहेर बसले

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. बाहेर बसायचं काहीएक कारण नसताना मी दर महिन्याला तीन दिवस खुशाल बाहेर बसत होते. ओळीनं चार महिने. आणि त्या चारही महिन्यांत मला दिवस गेलेले होते.

माझी नात म्हणते, "आजी, असं कुणी करतं का?" करतं की. सोळावं लागलेलं असावं, सातवीपर्यंत शाळा झालेली असावी आणि आपल्याइतकं हुशार या घरात कुणी नाही अशी मनातून खात्री असावी. माझ्याकडं तिन्ही होतं. सासरच्या बायकांत शिकलेली मी एकटी, त्यामुळं माझ्या मूर्खपणालासुद्धा अक्षरओळख होती.

बाहेर बसणं म्हणजे काय, ते आताच्या पोरींना सांगावं लागतं. पाळी आली की चुलीपाशी जायचं नाही, देवाकडं फिरकायचं नाही आणि पाण्याला शिवायचं नाही. सासरे माळकरी, आणि सासूबाई त्यांच्याहून कडक. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. बाहेरच्या बाईनं गोठ्याच्या वळचणीला पोतं टाकून बसायचं. आत्याबाई वरून भाकरी टाकायच्या, वरून ओंजळीत पाणी ओतायच्या. एरवी शेतातली कामं चुकत नसत, पण त्या साली शेतात कामच नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ तो. पाथर्डीच्या बाजूला आमचं सासर, आधीच कोरडा मुलूख. गावातल्या विहिरींचे तळ दिसायला लागलेले. बैल छावणीत नेऊन बांधलेले, त्यामुळं गोठाही रिकामा. माणसं सडकेच्या कामावर खडी फोडत होती.

माझा दिवस असा असायचा: उजाडायच्या आत ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी, मग खडी, मग घरी येऊन पुन्हा पाणी. भरली घागर डोक्यावर आली की मान खांद्यात जाते असं वाटायचं. मी मुळातच बुटकी, आणखी किती जाणार! पण बाहेर बसलं की पाणी नाही. खडीवरही नाही, कारण तिथं सगळ्या गावाचा पाण्याचा रांजण, आणि बाहेरच्या बाईचा हात त्याला लागला तर आत्याबाईंना काय तोंड दाखवायची सोय राहिली असती! म्हणजे तीन दिवस वळचणीला नुसतं बसायचं. चिंचोके खेळायचे. झोपायचं. त्या तीन दिवसांची मी दिवाळीसारखी वाट बघायची.

खरी दिवाळी झाली तेव्हा नवरा आला होता. तो पुण्याकडं एका कारखान्यात लागलेला, एकोणीस-वीस वर्षांचा. सण झाला, तो परत गेला. पुढं माझी तारीख आली आणि काहीच झालं नाही. मी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी पहाटे घागरीकडं बघितलं, घागरीनं माझ्याकडं बघितलं, आणि मी जाऊन वळचणीला बसले.

कुणाला कळणार होतं? त्या वेळी कापडाच्या घड्या असायच्या, त्या लपवून धुवायच्या आणि निवडुंगाच्या कुंपणामागं दुसऱ्या लुगड्याखाली लपवून वाळवायच्या. पुरुषांनी तर नाहीच, बायकांनीही बघायच्या नाहीत. मी कोरड्या घड्या भिजवल्या आणि रिवाजाप्रमाणं लपवून वाळत घातल्या. इतक्या मन लावून मी दुसरं कुठलंच काम त्या घरात केलं नसेल.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तेव्हा मला कळलं का, असं नात विचारते. थोडं कळलं, थोडं कळून घेतलं नाही. ओकाऱ्या होत होत्या, पण रेशनवर मिळणाऱ्या त्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरीनं अर्ध्या गावाची पोटं बिघडलेली. ओकणाऱ्या बाईकडं कुणी वळून बघत नव्हतं. आणि तिसऱ्या महिन्यात खरं बोलायचं तर आधीचं खोटं उघडं पडणार. मी बसले होते तेव्हा माझ्या वाटणीचं पाणी आत्याबाईंनी त्यांच्या डोक्यावरून आणलं होतं, हेही मला दिसत होतं. म्हटलं, आता या महिन्यात बसते, पुढच्या महिन्यात सांगते. पुढच्या महिन्यात शिमगा आला. शिमग्यातही बसले.

मी पोटुशी आहे हे कळलं असतं तर कुणाला वावगं वाटलं नसतं, हे मात्र लिहून ठेवते. माझ्याएवढ्या दोघीतिघी कडेला पोर घेऊन खडी फोडत होत्याच. मुकादम त्यांच्याकडं बघून म्हणायचा, "बया, तुझी भैन का लेक?" आणि सगळे हसायचे. वयाचा विषय एवढाच. वर्षभर कूस उजवली नाही तर मात्र लोक विचारायला लागायचे. म्हणजे लपवायचं काही कारणच नव्हतं! मी लपवलं ते फक्त घागरीपायी.

पाडव्याला उघडं पडलं. वर्षाचा सण, निदान डोक्यावरून आंघोळ तरी व्हावी म्हणून आत्याबाईंनी बादलीभर पाणी राखून ठेवलेलं. मला मोरीत बसवून त्या पाठ चोळायला लागल्या. पाठीवरून हात कुशीला आला आणि थांबला.

"उभी ऱ्हा," त्या म्हणाल्या.

मी उभी राहिले. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं.

"ह्ये काय गं?"

आता तरी खरं सांगावं! पण माझी हुशारी अशी ऐन वेळेला धावून यायची. मी म्हटलं, "मिलोच्या भाकरीनं वारा धरलाय, आत्याबाई."

त्यांनी माझ्या पोटावर तळहात टेकला, आणि आतल्या वाऱ्यानं लाथ मारली.

आत्याबाईंनी हात काढला नाही. हळूच म्हणाल्या, "कितवा?"

मी ओला पदर पिळायला लागले.

"अगं, कितवा म्हन्ते मी! शिमग्यात तर बसली हुतीस. भाकर म्याच टाकली ना तुला?"

"व्हय."

"मंग ह्ये काय शिमग्यानंतरचं हाय?"

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की मी काय करून ठेवलंय. दिवाळीनंतर नवरा घरी आलेला नव्हता. आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी सगळ्या घरादेखत बाहेर बसत होते. सासूनं भाकरी टाकलेली, सासरे वळसा घालून गेलेले, शेजारणीनं बघितलेलं. म्हणजे माझ्या पोटातलं पोर नवऱ्याचं नाही, अशी साक्ष मीच चार महिने वळचणीला बसून देत होते. दुसऱ्या कुणी चहाडी केली असती तर तिला शिव्या तरी देता आल्या असत्या.

"मी खोटंच बसत हुते," मी म्हटलं आणि रडायला लागले. "मला दिवाळीपास्नं काय आलंच न्हाई."

"खोटं? कशापायी?"

"पानी आनायला नको म्हनून."

आत्याबाईंनी तांब्या बादलीत सोडून दिला. राखलेलं पाणी तसंच राहिलं. मग एवढंच म्हणाल्या, "आता ह्ये त्यांना मी कोन्या तोंडानं सांगू?"

पण सांगितलं. त्यांनी दोन्ही सांगितलं, पोटही आणि माझं म्हणणंही. सासरे ओसरीवर बसून बोटांच्या पेरांवर महिने मोजत होते, ते मी दाराआडून बघितलं. भला माणूस होता, कुणाच्या बांधावरचं गवत घेणार नाही. ते माझ्याशी बोलले नाहीत. दाराकडं न बघता बोलले.

"दोनातलं येक खरं. बसली न्हवती, तर सगळ्या घराला फसवलं. बसली हुती, तर..." पुढचं वाक्य त्यांनी माळेचा मणी ओढावा तसं आत ओढून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात मला माहेरी आणून सोडलं. माहेर सोनईच्या जवळ. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, त्यामुळं लोकांना सांगायला कारण तयार होतं. पण सोडताना सासरे माझ्या वडलांना अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "ईवाई, नागपंचमीच्या आत मोकळी झाली तर लेकरू आमचं. आमी वाजतगाजत न्यायला येऊ. दसऱ्याकडं गेली, तर तुमची तुमी बगा."

वडील मान खाली घालून उभे होते. सासरे गेल्यावर आईनं मला घरात नेलं, कडी लावली आणि आधी एक मुस्काटात दिली. मग विचारलं, "खरं काय?"

मी तेच सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, "मेले, दमले म्हनायचं हुतं." थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "कुनाला म्हनली असतीस म्हना."

आई मला तिथल्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं एक ख्रिस्ती नर्स होती, थोराड, आवाजाची मोठी. तिनं पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "वय काय हिचं?"

"अठरा," आई म्हणाली.

"अठरा? अगं बाई, हिचे दुधाचे दात तरी पडलेत का? तोंड उघड गं." मला हसू आलं. त्या दिवसांत मला नको तिथं हसू यायचं. नर्स मात्र हसली नाही. "सहावा चालू आहे. रक्त नाही अंगात. हिला खायला घाला, आणि ओझं उचलायला लावू नका."

सहावा चालू आहे! आईचा चेहरा उजळला. तिनं मामाकरवी तिकडं निरोप धाडला, की नर्सनं असं असं सांगितलंय. मामा परत आला तो पायताण काढायच्या आधीच म्हणाला, "ते म्हनत्यात, शिस्टर तुमच्या गावची, मंग बोल बी तुमचाच असनार."

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवरा येऊन गेला. आमच्या पडवीत बसून चहा प्यायला. माझ्याशी तो मोकळेपणानं कधी बोललेलाच नव्हता. आई मुद्दाम आत गेली, तेव्हा कपाकडं बघत म्हणाला, "मला ठावं हाय, आपलंच हाय."

"मंग सांगा की घरी."

"दादांम्होरं मला बोलाया येत न्हाई." दादा म्हणजे माझे सासरे. मग खिशातून कागदात बांधलेल्या लाल रिबिनी काढून त्यानं माझ्यापुढं ठेवल्या. मला पोर व्हायचं होतं आणि त्यानं माझ्या वेणीला रिबिनी आणल्या होत्या. मी त्या लगेच बांधूनही बघितल्या. ही मी!

आता माझं सगळं लक्ष नागपंचमीवर. नर्सच्या हिशोबानं आषाढ सरता सरता मोकळी होणार, म्हणजे पंचमीच्या तोंडावरच. आणि आळीतल्या म्हाताऱ्या येता-जाता सांगायच्या, "पहिलटकरीन हाय, पुढं जाती. माझी थोरली पंधरा दिस पुढं गेली हुती." पंधरा दिवस! म्हणजे पंचमी गेली, लेकरू कुणाचंच नाही, आणि मी कुठली? वडलांच्या मागं माझ्या दोन धाकट्या बहिणी लग्नाच्या. त्यांना कोण करणार? रात्री डोळे मिटले की सासऱ्यांची बोटं दिसायची, एकेका पेरावरून सरकणारी.

मग माझी हुशारी पुन्हा धावून आली. पोर लवकर यायला पाहिजे ना? मग आणू या. आई कामावर गेली की मी जात्यावर बसायची आणि दळण नसलं तरी नुसतं जातं ओढायची. पाट्यावर मीठ वाटायची. ओट्यावरून अंगणात उड्या मारायची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, रिबिनी बांधून. शेजारच्या पोरींना वाटलं मी खेळतेय. त्याही येऊन माझ्याबरोबर उड्या मारायला लागल्या. पाणी आणण्याच्या नुसत्या नावानं जिच्या अंगावर काटा यायचा, ती मी आडावरून भरल्या घागरी आणायला लागले. आईनं बघितलं तेव्हा घागर हिसकून घेतली आणि स्वतःच रडली.

ज्येष्ठातच पोट दुखायला लागलं, आईनं दवाखान्यात नेलं. एक अख्खा दिवस आणि वर थोडा गेला. त्यातलं मला फार सांगता येणार नाही. मध्येच मी नर्सला विचारत होते, "पंचमी झाली का?" आणि ती म्हणत होती, "गप. श्वास घे."

मुलगी झाली. आठव्यातली. माझ्या हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत मावेल एवढी. नखं अजून पुरती आलेली नव्हती. आईनं तिला कापसात गुंडाळलं. तिला ओढता येत नव्हतं, म्हणून कापसाच्या बोळ्यानं दूध पिळायचं, ते तोंडाच्या कडेनं बाहेर यायचं. ती रडायची तेही मांजराच्या पिलासारखं, तोंडाजवळ कान नेला तर ऐकू येईल असं. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? आलं ते हेच, की सुटले. पंचमी लांब होती. दिवाळीपासूनचंच हे लेकरू, आता कुणी नाही म्हणू शकत नाही. मी जिंकले होते. लेकराकडं बघून मला असं वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती दोन-चार दिवस होती. मग एका सकाळी दूध तोंडात तसंच राहिलं.

मी नर्सला जात्याचं आणि उड्यांचं सांगितलं. ती माझ्या कॉटवर बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या उड्यांनी काही झालं नाही. तुझं अंगच अजून पोरीचं आहे. त्याला एवढं पेललं नाही." मी मान डोलावली. पटलं का, ते मला आजही सांगता येणार नाही.

सध्या आमच्या गल्लीत एक पोरगी आहे, माझ्या तेव्हाच्याच वयाची. घरच्यांनी गुपचूप लग्न लावलं होतं. दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न वयाचा, मग पोलीस, मग जबाब. चांगलंच आहे, कुणीतरी वय विचारतंय. पण गल्लीतल्या बायका तिचं नाव निघालं की ओठ मुडपतात, "एवढ्याशा वयात काय हे!" जसं काही तिनंच मांडव घातला होता. माझं वय विचारलं ते एकट्या त्या नर्सनं, बाकी सगळ्यांनी महिने विचारले. तिला वर्षं विचारतात. उत्तर द्यायला उभी मात्र दोन्ही वेळा पोरगीच. मी परवा तिच्याकडं जाऊन बसले. तिचं पोर मांडीवर घेतलं. तिला म्हटलं, तू झोप जरा. ती झोपली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. माझी नात आपल्या त्या दिवसांत गरम पाण्याची पिशवी घेऊन सोफ्यावर पडते आणि बापाला सांगते, "बाबा, आज मला काही काम सांगू नका." आणि बाप, म्हणजे माझाच मुलगा, गोळी आणून देतो. मला मजा वाटते आणि थोडा हेवाही वाटतो.

लेकरू गेल्यावर सासरे आले. वाजतगाजत नाही, एकटेच, हातात माझ्यासाठी एक लुगडं. अंगणात वडलांना म्हणाले, "ईवाई, आमच्या मनात काय न्हवतं. लेकरू आमचंच हुतं." मग थोडं थांबून, समजूत घालायची म्हणून, "पोरगीच हुती म्हना." वडलांनी त्यांना पाणी दिलं. मी आतून ऐकलं. माझी छाती फडक्यानं आवळून बांधलेली होती, दूध थांबावं म्हणून. ते त्यांच्या आवाजाबरोबर फडक्याबाहेर आलं.

श्रावण संपल्यावर मला सासरी नेलं. गाव हिरवं झालेलं. विहिरीला पाणी आलं होतं, पण विहीर काही घराजवळ आली नव्हती. मी न सांगता पहाटे उठून घागर घ्यायला लागले. झालेल्या गोष्टीचं घरात कुणी नाव काढलं नाही. आत्याबाई माझ्या ताटात अर्धी भाकरी जास्त टाकायच्या आणि दुसरीकडं बघायच्या.

एक दिवस पहाटे मी घागर उचलली आणि उंबऱ्यातच डोळ्यांपुढं अंधारलं. चौकट धरून उभी राहिले. त्या महिन्याची माझी तारीख अजून लांब होती, आणि आत्याबाईंना ते माहीत होतं. कारण परत आल्यापासून त्या मला दर आठवड्याला हळूच विचारत असत. त्या चुलीपासून उठून आल्या. ओसरीवर सासरे माळ ओढत बसले होते, तिकडं एकदा बघून त्यांनी माझ्या हातातली घागर काढून घेतली, आपल्या कमरेवर ठेवली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या:

"जा, वळचनीला जाऊन नीज जरा. पानी मी आनते. कुनी इचारलं तर बाहेरची हाय म्हन."